डी. डी. कोसंबी : फोनमधल्या फोटोपासून क्वांटम कॉम्प्युटरपर्यंत पोचलेलं गणित

क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो आणि म्हणून तो जगात भारी, असं सांगणारं एखादं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. मला असली रील बघून वैताग येतो. खरी गोष्ट वेगळी आहे आणि जास्त मजेशीर आहे. क्वांटम मशीन कुठे जिंकतं आणि कुठे आपला साधा लॅपटॉपच त्याला पुरून उरतो, हे बऱ्याच अंशी एका प्रश्नावर ठरतं : समोरची माहिती दाबून लहान करता येते का? आणि माहिती दाबण्याच्या गणिताचा एक महत्त्वाचा तुकडा पुण्यात राहणाऱ्या एका प्राध्यापकाने १९४३ मध्ये छापला होता. त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

हे नाव तुम्ही ऐकलं असेल तर बहुतेक इतिहासकार म्हणून. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना त्यांची पुस्तकं माहीत असतात. पण या माणसाची नोकरी आयुष्यभर गणिताची होती. इतिहास, नाणी, संस्कृत हे सगळं त्यांनी नोकरी सांभाळून केलं. म्हणून आज त्यांचं आयुष्य सांगतो, आणि सांगता सांगता क्यूबिटपर्यंत जातो.

गोवा, पुणे, हार्वर्ड

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबे गावचा. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. बुद्धाचा शोध घेत घर सोडून काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश फिरलेला हा माणूस पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवायला लागला. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावलं, आणि १९१८ मध्ये ते आपल्या मुलाला आणि मोठी मुलगी माणिक हिला सोबत घेऊन गेले. मुलगा तेव्हा ११ वर्षांचा होता.

शाळा तिथेच झाली, मग हार्वर्ड. १९२९ मध्ये ते तिथून सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे सायबरनेटिक्स या विषयाचा पाया घालणारे नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांची मैत्री त्या अमेरिकेतल्या दिवसांतली. पदवीनंतर मात्र लगेच भारतात परत. जगभर मंदीची लाट येत होती. पीएचडी त्यांनी केलीच नाही, ना तेव्हा ना नंतर.

बनारस हिंदू विद्यापीठात थोडे दिवस, मग अलीगढ. अलीगढला त्यांना बोलावणारे होते आंद्रे वेई, फ्रान्सचे तरुण गणिती, जे पुढे विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या गणितींपैकी एक झाले. या दोघांनी एक गंमत केली. १९३१ मध्ये कोसंबींनी एक पेपर छापला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितीचा हवाला दिला. पुढे फ्रान्समधल्या गणितींच्या एका गटाने हेच नाव घेऊन ग्रंथांची मोठी मालिका लिहिली. म्हणजे गणिताच्या जगातला सगळ्यात प्रसिद्ध फेक आयडी पहिल्यांदा छापून आला तो आपल्याकडे.

अलीगढनंतर ते पुण्याला, वडिलांच्याच फर्ग्युसन कॉलेजात आले. १९४५ पर्यंत तिथे त्यांनी गणित शिकवलं. आपल्याला हवा तो पेपर याच काळातला आहे.

नऊ तालुक्यांचा पाऊस

१९४३ चा हा पेपर जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत आला. त्याचं गणित सांगायला मी आमचा परभणी जिल्हा घेतो, कारण पावसाशिवाय इथे दुसरा विषय नसतो.

जिल्ह्यात नऊ तालुके : परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर, पूर्णा. १ जून ते ३० सप्टेंबर हे दिवस होतात १२२. प्रत्येक तालुक्याचा रोजचा पाऊस लिहून ठेवला तर ९ गुणिले १२२ म्हणजे १,०९८ आकडे. एवढे सगळे आकडे खरंच ठेवायला लागतात का?

समजा, सगळीकडे पाऊस एकाच तालावर पडतो. ज्या दिवशी सेलूत जोर, त्या दिवशी पालमलाही जोर, फक्त कुठे थोडा जास्त आणि कुठे थोडा कमी. मग जिल्ह्याचा एकच नमुना लिहायचा, १२२ आकड्यांचा. आणि प्रत्येक तालुक्यापुढे एक आकडा लिहायचा, की या तालुक्यात तो नमुना किती पटीने घ्यायचा. झाले १३१ आकडे. १,०९८ चं काम १३१ मध्ये उरकलं.

खरा पाऊस इतका शहाणा नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. जिंतूरच्या डोंगराकडे कोसळतो आणि गोदाकाठी ऊन असतं. मग दुसरा नमुना घ्यायचा, जो पहिल्यात न बसलेला फरक धरतो. दोन नमुन्यांना २६२ आकडे लागतात. तरी फरक उरला तर तिसरा. यातली खुबी अशी, की नमुने कसेही निवडायचे नाहीत. पहिला नमुना असा काढायचा की त्यात चढउताराचा जास्तीत जास्त भाग येईल, दुसरा असा की उरलेल्यातला जास्तीत जास्त येईल, आणि एकाची दुसऱ्यात भेसळ व्हायला नको. असे नमुने काढले की कमीत कमी जागेत जास्तीत जास्त माहिती बसते. यापेक्षा चांगलं करता येत नाही, हे सिद्ध करता येतं.

आकड्यांच्या तक्त्यासाठी हे कोसंबींच्या आधीही माहीत होतं. त्यांनी ते सलग चालणाऱ्या गोष्टीसाठी मांडलं : वेळेबरोबर वेडीवाकडी वरखाली होणारी रेषा, जशी आवाजाची लहर किंवा रेडिओचा सिग्नल. अशी कुठलीही यादृच्छिक रेषा ठरावीक नमुन्यांची बेरीज म्हणून लिहिता येते आणि प्रत्येक नमुन्याचं वजन एकमेकांशी संबंध नसलेलं निघतं, हा त्याचा गाभा.

एक इशारा इथेच देतो, कारण तो आपल्याकडे पैशाचा प्रश्न आहे. शेवटचे बारीक नमुने फेकून दिले की जागा वाचते, पण एखाद्याच मंडळात झालेली ढगफुटी नेमकी त्या बारीक नमुन्यांतच असते. जिल्ह्याचं चित्र छान दिसतं आणि ज्याचं सोयाबीन वाहून गेलं तो आकड्यांतून गायब होतो. पीकविम्याच्या वेळी लोक मंडळनिहाय पावसाची नोंद मागतात ती उगाच नाही.

फोटोत काय घडतं

तुमच्या फोनचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा असेल तर एका फोटोचा कच्चा माल साधारण ३६ एमबी होतो. पण गॅलरीत तो तीनचार एमबीचाच दिसतो. जेपीईजीमध्ये फोटोचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन करतात आणि प्रत्येक चौकोन ठरावीक नमुन्यांच्या बेरजेत लिहितात. डोळ्याला न जाणवणारे बारीक नमुने मग ढोबळ करतात किंवा सोडून देतात.

ते ठरावीक नमुने कोसंबींच्या पद्धतीने काढलेले नसतात, कारण त्या पद्धतीत प्रत्येक प्रकारच्या मालासाठी नमुने नव्याने काढावे लागतात आणि ते काम जड असतं. १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म मांडला. तो स्वस्त होता, एकदाच ठरवून ठेवता येत होता आणि सर्वोत्तम पद्धतीच्या अगदी जवळ पोचत होता. ती सर्वोत्तम पद्धत, म्हणजे जिच्याशी त्यांनी तुलना केली ती, ही वरची नमुन्यांची पद्धत.

पुस्तकात मात्र तिचं नाव कारहुनेन–लोएव्ह असं असतं. फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी हीच गोष्ट कोसंबींनंतर दोनचार वर्षांत स्वतंत्रपणे शोधली. चोरी वगैरे काही नाही. १९४३ मध्ये महायुद्ध चालू होतं, भारतातलं नियतकालिक युरोपात कोण वाचणार? आता काही जण कारहुनेन–कोसंबी–लोएव्ह असं तिन्ही नावं घेऊन लिहितात. मला वाटतं तेच बरोबर आहे.

दुसऱ्या एका ठिकाणी मात्र त्यांचं नाव पक्कं बसलं. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र दिलं. पिकांच्या जनुकांचा नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही हाल्डेन की कोसंबी असा पर्याय निवडावा लागतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात पीक पैदास शिकणाऱ्या कुणाला विचारा, कोसंबी म्हटल्यावर त्यांना इतिहास आठवणार नाही.

१९४८ : मशीन बघायला

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि कोसंबींना गणितासाठी बोलावलं. ते मुंबईला राहायला गेले नाहीत. पुण्यातलं घर ठेवलं आणि डेक्कन क्वीनने ये-जा करत राहिले.

१९४८–४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड–अमेरिकेत गेले, आणि कामाचा विषय होता गणनयंत्रं, म्हणजे कॉम्प्युटर. वेळ बघा कसली होती. अमेरिकेत सुमारे १८ हजार निर्वात नळ्यांचा एनिअ‍ॅक चालू होता. जून १९४८ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला प्रोग्राम स्वतःच्या मेमरीत ठेवणारं पहिलं मशीन चाललं. त्याच वर्षी क्लॉड शॅनन यांचा माहितीच्या सिद्धांताचा पेपर आला, ज्यात बिट हा शब्द छापला गेला. वीनर यांचं सायबरनेटिक्स हे पुस्तकही त्याच वर्षीचं. माहिती ही मोजता येणारी वस्तू आहे ही कल्पना जन्माला येत होती, आणि ती समजण्याइतकं गणित असलेला आपला माणूस तिथे हिंडत होता.

भारतातला पहिला मोठा कॉम्प्युटर त्यांनी बांधला असता तर गोष्ट छान झाली असती. तसं झालं नाही. टाटा संस्थेतला टिफ्रॅक हा कॉम्प्युटर आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला आणि १९६० मध्ये पूर्ण चालू झाला. कोसंबी तोवर इतिहासात खोल गेले होते. तिथेही गणित सोडलं नव्हतंच. तक्षशिलेची प्राचीन नाणी कुठल्या क्रमाने पाडली गेली हे त्यांनी वजनावरून शोधलं. नाणं जितकं जास्त हात फिरतं तितकं झिजतं. ही झीज कशी चालते ते समजून घ्यायला आधी त्यांनी बाजारात चालू असलेली नाणी हजारोंनी तोलली. आज आपण याला डेटा सायन्स म्हणू.

आता क्यूबिट

साधा बिट ० असतो किंवा १. क्यूबिटची अवस्था लिहायला दोन आकडे लागतात : ० चा भाग किती, १ चा किती. हे आकडे ऋण असू शकतात, खरं तर त्याहून विचित्र असतात, आणि म्हणून लाटांसारखे एकमेकांना वाढवतात किंवा मारून टाकतात. दोन क्यूबिटना चार आकडे, तिनांना आठ. प्रत्येक नवा क्यूबिट यादी दुप्पट करतो.

प्रत्येक आकड्याला १६ बाइट धरले तर २८ क्यूबिटची यादी सुमारे ४.३ जीबी होते. ८ जीबी रॅमच्या फोनमध्ये ती कशीबशी बसेल. २९ ची बसत नाही. ५० क्यूबिटला सुमारे १८ हजार टीबी लागतील, म्हणजे २५६ जीबी स्टोरेजचे सत्तर हजार फोन.

रीलवाले इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, एवढी माहिती एकदम! पण ती माहिती तुम्हाला वाचता येत नाही. ५० क्यूबिट मोजले की हातात येतात ५० बिट, बाकी यादी गेली. यापेक्षा जास्त काढता येत नाही हे १९७३ मध्ये रशियाच्या अलेक्झांडर होलेवो यांनी सिद्ध केलं. क्वांटम प्रोग्रामचं कसब असं, की चुकीच्या उत्तरांचे आकडे एकमेकांना मारतील आणि बरोबर उत्तराचे वाढतील अशी मांडणी करायची. ती फार थोड्या प्रश्नांत जमते. मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठी पीटर शोर यांनी १९९४ मध्ये जमवली, आणि म्हणूनच आज वापरातली काही ऑनलाइन कुलपं भविष्यात बदलावी लागणार आहेत. विस्कळीत यादीत शोधण्यासाठी लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये जमवली, पण तिथे फायदा वर्गमुळाइतकाच : दहा लाख नोंदींत सुमारे हजार पावलं. गेम किंवा व्हिडिओ यामुळे वेगवान होणार नाही.

आता कोसंबींचा धागा. ५० क्यूबिटचे २५–२५ चे दोन गट करा. एका गटाला तालुके समजा, दुसऱ्याला दिवस. जिल्ह्याच्या पावसासारखीच ही अवस्थाही नमुन्यांच्या जोड्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. एकच जोडी पुरली तर दोन्ही गटांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकापेक्षा जास्त लागल्या तर ते गुंतलेले आहेत, आणि या गुंत्यालाच एन्टँगलमेंट म्हणतात. जास्तीत जास्त जोड्या लागू शकतात २ चा २५ वा घात, म्हणजे ३ कोटी ३५ लाखांच्या आसपास.

क्वांटमच्या पुस्तकात याला श्मिट विघटन म्हणतात. एर्हार्ड श्मिट यांचा तो पेपर १९०७ चा, कोसंबींच्या जन्माच्या वर्षाचा. आतलं गणित मात्र तेच, एकच औजार दोन दुकानांत वेगळ्या नावाने विकावं तसं. कोसंबींनी क्वांटम माहितीवर काही काम केलं असं म्हणणं खोटं ठरेल, हे क्षेत्रच त्यांच्या नंतरचं आहे. क्यूबिट हा शब्द छापात आणणारे बेंजामिन शूमाकर यांनी १९९५ मध्ये क्वांटम माहिती दाबायची पद्धत दिली, आणि तिच्यातही पहिली पायरी हीच : मोठ्या वजनाचे नमुने ठेवा, बाकी सोडा.

थोड्याच जोड्यांत काम भागत असेल तर क्वांटम मशीन कशाला? साधा कॉम्प्युटर तेच गणित दाबून करू शकतो. २००३ मध्ये गिफ्रे विडाल यांनी हे नीट मांडलं. आणि हे फक्त कागदावर राहिलं नाही. २०१९ मध्ये गुगलने ५३ क्यूबिटच्या मशीनने २०० सेकंदांत केलेल्या कामाला सुपरकॉम्प्युटर १० हजार वर्षं घेईल असं जाहीर केलं. आयबीएम म्हणालं, अडीच दिवस पुरतील. मग इतर संशोधकांनी नवीन पद्धतींनी तो आकडा आणखी खाली आणला. २०२३ मध्ये आयबीएमची पाळी आली. त्यांनी १२७ क्यूबिटचा एक प्रयोग गाजवला, आणि काही आठवड्यांत इतरांनी दाबायच्या गणिताने त्याचीच उत्तरं साध्या लॅपटॉपवर काढून दाखवली. म्हणून क्वांटम फायद्याची बातमी आली की मी आधी बघतो, हे काम दाबून बघितलंय का कुणी? नुसता गुंता असून भागत नाही हेही खरं. काही अवस्था खूप गुंतलेल्या असूनही साध्या कॉम्प्युटरला सोप्या जातात, कारण त्यांची ठेवण नियमित असते.

शेवटची वर्षं

१९५९ मध्ये कोसंबींनी रीमान गृहीतक सुटल्याचा दावा केला. गणितातला हा सगळ्यात प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न, आणि त्यांनी तो संभाव्यतेच्या वाटेने सोडवायचा प्रयत्न केला. पेपर छापला शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही. त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला यामुळे मोठा तडा गेला. अणुऊर्जेपेक्षा भारताने सूर्याच्या ऊर्जेकडे बघावं हे ते उघड सांगत होते, आणि भाभा तर अणुकार्यक्रमाचे प्रमुख. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांची मुदत वाढवली नाही. आता छपरांवरची सोलर पॅनेलं बघताना त्यांच्या म्हणण्याला तेव्हा थोडं जास्त ऐकून घ्यायला हवं होतं असं मला वाटतं. रीमानच्या बाबतीत तसं वाटत नाही.

१९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमलं आणि ते पुण्यात काम करत राहिले. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं सगळ्यात वाचलं गेलेलं पुस्तक १९६५ मध्ये आलं. २९ जून १९६६ रोजी झोपेतच ते गेले, वयाच्या ५८ व्या वर्षी. त्याच वर्षी जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले होते.

त्यांना सोडावी लागली त्याच टाटा संस्थेत आज सुपरकंडक्टिंग क्यूबिट बनवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेबरोबर तिथे सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. सहा क्यूबिट म्हणजे ६४ आकडे, वहीच्या एका पानावर मावतील इतके. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले आणि त्याचं लक्ष्य आहे आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटची मशीनं. त्यातल्या पहिल्या ५० वाल्याची बातमी येईल तेव्हा त्याच्या २५–२५ च्या दोन गटांत किती जोड्या लागतात, तेवढं शोधून बघा.